पूर्ण झालेलं चित्र मागूच नका

पत्र थोडक्यात असं : वर्धा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मॅडमनी लिहिलं आहे. त्यांच्या संस्थेची दुसरी शाळा ४५ किलोमीटरवर आहे आणि तिथं कलाशिक्षक नाही. म्हणून दर बुधवारी ७० मिनिटांचा जोडतास त्या ऑनलाइन घेतात. तिकडे सातवी-आठवीची ३८ मुलं वर्गात बसतात, समोर ४३ इंची टीव्ही, देखरेखीला गणिताचे सर. मॅडम इकडून चित्र काढून दाखवतात, मुलं बघून काढतात, घरी रंगवतात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतात. महिन्यातून एकदा मॅडम स्वतः जातात. अडचण अशी, की चित्रं सगळी एकसारखी येतात, काही यूट्यूबवरून उतरवलेली असतात, तर दोन-तीन सरळसरळ मोठ्या बहिणीच्या हातची. ११ घरांत दिवसा फोनच नसतो. मुख्याध्यापकांना दर आठवड्याला स्क्रीनशॉट हवेत. पालक विचारतात, एलिमेंटरीला (चित्रकलेच्या शासकीय परीक्षेला) मुलं बसवणार की नाही? मॅडमचा प्रश्न : ‘चित्रकला पडद्यावरून शिकवता तरी येते का, की मी नुसती तासिका भरते आहे? चांगला कॅमेरा आणि रंग मिळाले तर जमेल का? की संस्थेला सरळ नाही म्हणून सांगू?’

नमस्कार मॅडम,

३८ चित्रं एकसारखी आली याचा अर्थ मुलांनी तुमचं नीट ऐकलं. तुम्ही काढून दाखवलं, त्यांनी उतरवून घेतलं. कॉपी झाली असेल तर ती तुमच्या सांगण्यावरूनच झाली आहे, त्यामुळे मुलांवर रागावण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या स्वतःच्या शाळेतला तास आठवा. तिथंही तुम्ही फळ्यावर काढून दाखवताच की. मग तिथं सगळी चित्रं एकाच छापाची का येत नाहीत? कारण दहा मिनिटांत खडू खाली ठेवून तुम्ही बाकांमधून फिरायला लागता. कुणाच्या पाठीमागे उभ्या राहता, ‘हे पुसू नकोस, शेजारी दुसरी रेघ मार’ म्हणता. कुणाला नुसतं ‘थांब, परत बघ’ एवढंच. चित्रकलेचं शिकवणं बहुतेक त्या फिरण्यात असतं. पडद्यावरून तुमचं काढून दाखवणं पोचलं, फिरणं मात्र इकडेच राहिलं. आणि जे हरवलं ते भरून काढायला तुम्ही कॅमेरा मागताय. कॅमेरा कितीही चांगला आणला तरी तो तुमचाच हात आणखी स्वच्छ दाखवेल. मुलांचा कागद तुम्हाला त्यातून दिसणार नाही.

म्हणून पहिली सूचना : पूर्ण झालेलं चित्र मागणं बंद करा, अर्ध्यावरचं मागा. पूर्ण चित्रावर ‘छान’ नाहीतर ‘आणखी प्रयत्न कर’ यापलीकडे काही म्हणता येत नाही. अर्ध्यावरच्या चित्राला अजून बोललेलं ऐकू येतं.

यासाठी पालकांचे फोन लागत नाहीत. शाळेचा किंवा सरांचा एक फोन पुरे. दर बुधवारी दोन मुलांना फोटोचं काम द्या, पाळीपाळीनं. बाकांना खडूनं नंबर टाका. एका बाकावर दोघं, म्हणजे १९ बाक. चित्र सुरू झाल्यावर बाराव्या मिनिटाला ही दोघं निघतील आणि प्रत्येक बाकावरचे दोन कागद शेजारी ठेवून एक फोटो, असे १९ फोटो काढतील. सवय झाली की पाच-सहा मिनिटांत होतं. फोटो फक्त तुमच्या नंबरवर यायला हवेत, ग्रुपवर नाही. ग्रुपवर गेले की पालक आपापल्या मुलाचं शेजारच्याशी ताडून बघतात आणि पुढच्या बुधवारी बहिणीचा हात आणखी दोन चित्रांवर फिरतो. फोटोत चेहरे नकोत, कागद तेवढे असू द्या.

मुलं काढत असताना तुम्ही ते १९ फोटो बघा. ३८ जणांना ३८ गोष्टी सांगायला जाऊ नका, तास तिथंच संपेल. बहुतेकांकडून होणारी एक चूक सगळ्या वर्गाला सांगा आणि सात जणांशी नाव घेऊन बोला : ‘बाक नंबर चार, डावीकडचा कागद, बुडाची रेघ परत बघ.’ सहा आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. कुणाशी कधी बोललात ते वहीत टिपून ठेवा, नाहीतर पुढच्या बाकांवरच्यांचीच पाळी सारखी येत राहील.

फोटो काढायलाही शिकवावं लागेल. फोन कागदाच्या बरोबर वर आणि कागदाला समांतर हवा, चारही कोपरे दिसायला हवेत आणि कागद चौकोनीच दिसायला हवा. तिरका धरला तर कागद एका बाजूनं दबतो, गोल आकार चपटे होतात आणि फोनची चूक तुम्ही मुलाच्या पदरात घालता. फ्लॅश बंद, कारण पेन्सिलीच्या दाट छटेवर तो चमकतो आणि काळं पांढरं दिसतं. कागदपत्रं स्कॅन करायची ॲप तर अजिबात नकोत. ती कागद शुभ्र करायच्या नादात फिक्या छटा पुसून टाकतात आणि गडद तेवढ्या काळ्याकुट्ट करतात. छटांचा अभ्यास द्यायचा आणि फोटो स्कॅनरनं घ्यायचा, म्हणजे गाळणीनं पाणी भरणं झालं.

आता पडद्याकडे येऊ. तुम्ही जी वस्तू काढून दाखवाल ती मुलांना द्यायची नाही. तुम्ही कप काढा, मुलं पाण्याचा गडवा काढतील. तुम्ही कृती दाखवताय, चित्र नाही, हे त्यांना आपोआप कळतं. आणि दाखवून झालं की टीव्हीचं चित्र बंद करायला सांगा, आवाज तेवढा राहू द्या. समोर पडदा चालू असला की मूल वस्तूकडे बघतच नाही, पडद्याकडे बघतं. सरांना सुरुवातीला हे चमत्कारिक वाटेल. ऑनलाइन तासाला टीव्ही बंद! त्यांना आधी सांगून ठेवा.

गडव्याचा एक तास उदाहरणादाखल घेऊ, कारण वस्तुचित्राचं, म्हणजे वस्तू समोर ठेवून काढायच्या चित्राचं, अर्धं दुखणं त्यात येतं. आदल्या दिवशी सांगायचं, प्रत्येक बाकामागे एक गडवा, तांब्या किंवा पेला घरून आणा. एकोणीस घरची एकोणीस भांडी, उतरवायला एकसारखं काही उरतच नाही. एकाच कागदावर तीन लहान चित्रं, प्रत्येकी आठ-नऊ मिनिटं, रबर दप्तरात. पहिलं, गडवा दोन बाकांमधल्या जागेत जमिनीवर. दुसरं, गडवा बाकावर. तिसरं, बाकावर दोन दप्तरं रचून त्यावर, म्हणजे गडव्याचं तोंड साधारण डोळ्यांसमोर येईल. पाण्यानं भरू नका, दप्तरं खाली आहेत.

जमिनीवरच्या गडव्याचं तोंड चांगलं उघडं, रुंद लंबवर्तुळ दिसतं. बाकावर ते मिटत जातं. डोळ्यांच्या पातळीत आलं की नुसती आडवी रेघ उरते. हे तुम्ही आधी सांगू नका. तिसऱ्या चित्राला कुणीतरी ‘मॅडम, तोंड दिसतच नाही’ म्हणून ओरडेल, तेव्हा पुढचं बोला.

बाराव्या मिनिटाच्या फोटोत तुम्हाला तीन चुका हमखास दिसतील. एक, लंबवर्तुळाची टोकं डोळ्याच्या कोपऱ्यासारखी टोकदार. मूल वरची आणि खालची अशा दोन वेगळ्या कमानी काढून जोडतं, म्हणून असं होतं. मनगट टेकवायचं नाही, कोपरातून हात फिरवत एकाच जागी तीन-चार वेळा हलकं लंबवर्तुळ फिरवायचं आणि त्यातलं बरं वाटेल ते गडद करायचं. दोन, तोंड गोल पण बूड सपाट रेघेचं. गडवा सपाट जमिनीवर टेकलाय हे मुलाला माहीत असतं, आणि डोळ्याला दिसतं त्यावर ते माहीत असलेलं मात करतं. खरं तर बूड डोळ्यांच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली असतं, म्हणून त्याची वक्ररेषा तोंडापेक्षा थोडी जास्तच गोल हवी. गडव्याच्या बुडाशी ओल्या खडूचं वर्तुळ आखून गडवा उचलायला सांगा, मग भांडण उरत नाही. तीन, एक खांदा वर, एक खाली. कागद उलटा करून पाठीमागून उजेडावर धरला की ते ज्याचं त्याला दिसतं, तुम्हाला सांगावं लागत नाही.

पेन्सिल हात लांब करून धरणं आणि एक डोळा मिटून माप घेणं, हे मात्र पडद्यावरून शिकवायच्या नादी लागू नका. कोपर वाकलं की माप बदलतं, आणि ३८ कोपरं तुम्हाला तिकडून दिसणार नाहीत. ते भेटीच्या दिवशी.

स्मरणचित्राचं, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचं, कोडं निराळं आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खालून नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात मिळतं. तुमच्या तालुक्यात नारळाची झाडं किती आहेत? पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, मात्र प्रत्येक मुलानं पाहिली आहे, आणि ती चित्रात कधी येत नाही. यूट्यूब नव्हतं तेव्हाही हेच होतं, तेव्हा यूट्यूबला फार दोष देऊ नका. ‘पोळ्याचं चित्र काढा’ असा विषय दिला की मूल पोळा आठवत नाही, पाहिलेलं पोळ्याचं चित्र आठवतं. म्हणून विषय बारीक करा, मुलांच्या लाकडी नंदीच्या पोळ्याचाच घ्या : ‘तान्ह्या पोळ्याला तुमच्या हातात नंदी होता. दोरी कशाला बांधली होती? चाकं किती? शिंगांना काय लावलं होतं? तुमच्या पुढं कोण उभं होतं, त्याची पाठ काढा.’ पाठ काढा म्हटलं की तयार चित्रातून उतरवायची सोय राहत नाही, चेहरे चुकायची धास्तीही जाते. लाकडी नंदी बऱ्याच घरांत माळ्यावर असतो. एका बुधवारी तो समोर ठेवून काढायचा आणि पुढच्या बुधवारी न बघता. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मुलाला काय आठवलं आणि काय निसटलं, ते त्याचं त्यालाच दिसतं.

बाहेरचा हात ओळखायच्या भानगडीत पडू नका. चित्र शाळेतच सुरू होऊन शाळेतच संपत असेल तर प्रश्नच मिटतो, आणि फोन नसलेल्या त्या ११ घरांचाही. घरी द्यायचं ते टिपण्याचं काम द्या : घराच्या दाराची कडी, बैलाचं पाऊल, आईची चप्पल, प्रत्येकी पाच मिनिटं, वहीच्या मागच्या पानावर. त्यात बहिणीला रस वाटणार नाही.

तुमच्या बाजूची मांडणी, थोडक्यात. समोरून चेहरा दाखवणारा कॅमेरा चित्रकलेला निरुपयोगी. ४०-४५ सेंटिमीटर उंचीचे दोन डबे, त्यावर फळी, फळीच्या कडेबाहेर फक्त फोनचा मागचा कॅमेरा, आणि फळीच्या मागच्या टोकावर जाड शब्दकोश ठेवा, म्हणजे फोन पडणार नाही. एवढ्या उंचीवरून मोठा कागद बसतो. उजव्या हातानं काढत असाल तर उजेड डावीकडून घ्या, डोक्यावरच्या ट्यूबलाइटनं फोनची सावली नेमकी कागदावर पडते. पांढऱ्या कागदावर एचबी पेन्सिलीनं काढलेलं चौथ्या बाकापासून पुढं दिसत नाही. शिवाय पांढऱ्या कागदावर हात आला-गेला की कॅमेरा उजेड कमी-जास्त करत राहतो आणि चित्र लुकलुकतं. तपकिरी कागद आणि जाड काळा मार्कर घ्या, दोन्ही दुखणी जातात. वर्ग बघायला दुसरं यंत्र लावलंत तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो.

रंगांच्या साहित्याबद्दल तुमची अपेक्षा थोडी खाली आणायला सांगेन. जलरंग पडद्यावरून शिकवूच नका. दुसरा हात कधी मारायचा हे कागदाच्या चकाकीवरून ठरतं : चकाकी गेली, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर कागद अजून गार लागतो, तेव्हा ओल शिल्लक आहे. ही वेळ फोनमध्ये दिसत नाही, आणि ती चुकली की डाग फुटतात, कागद कुसकरतो. जलरंग आणि मातीकाम भेटीच्या दिवसासाठी राखून ठेवा. बुधवारी पेन्सिल, कोळसा, कागदाचं चिकटकाम, अक्षरलेखन आणि कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीनं काढायच्या आकृत्या). यातली भूमिती तर वरून धरलेल्या कॅमेऱ्यात फळ्यापेक्षा चांगली दिसते. फळ्यावर कंपास धरताना निम्मी आकृती तुमच्या पाठीआड जाते.

चिकटकामाला रंगीत कागद विकत आणू नका. जुनं वर्तमानपत्र पुरे : कोरी किनार म्हणजे पांढरी छटा, बारीक मजकूर म्हणजे करडी, जाहिरातीतला गडद भाग म्हणजे काळी. या तीन छटांत तोच गडवा करायचा. चिकटवायला खळ : एका वाटी पाण्याला दोन चमचे मैदा. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळायचं. थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती मुलांच्या हाताशी नको. लागेल तेवढीच खळ करा. आणि खळ तुकड्याला नाही, खालच्या पुठ्ठ्याला लावायची. वर्तमानपत्राचा कागद ओला झाला की वाढतो आणि सुरकुततो.

रंगच हवा असेल तर गेरू. बाभळीचा डिंक तिप्पट पाण्यात रात्रभर भिजवून गाळायचा, वस्त्रगाळ गेरूत थोडा थोडा मिसळायचा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला लाल लागतं, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. आधी कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून, बोट घासून बघा. हळद वापरू शकता, पण भिंतीवर उन्हात लावलेलं चित्र थोड्याच दिवसांत फिकं पडेल, हे मुलांना आधी सांगा.

वीज आणि नेट दोन्ही बुधवारीच जातात, असा अनुभव सगळ्यांचाच असतो. गणिताच्या सरांच्या टेबलात एक पाकीट ठेवून द्या. त्यात अर्ध्या पानाची सूचना : डावा हात समोर धरा, कागदाकडे न बघता हाताच्या कडेवरून डोळे हळूहळू फिरवा, तेवढ्याच गतीनं पेन्सिल फिरू द्या, पाच मिनिटं, मग हात बदलून परत. चित्र वेडंवाकडंच येणार, मुलं हसणार, हसू द्या. सरांना चित्रकला येत नसली तरी हा तास त्यांना घेता येतो. ‘छान काढलंय’ मात्र कुणालाच म्हणू नका, अशी विनंती पाकिटावर लिहून ठेवा.

मुख्याध्यापकांना स्क्रीनशॉटऐवजी तुमची वही आणि एकाच मुलाचे सहा आठवड्यांचे अर्ध्यावरचे फोटो द्या. आठवीपर्यंत कलेचं मूल्यमापन आकारिकच, म्हणजे शिकता शिकता केलेल्या नोंदींवरून, असतं, आणि आकारिक नोंद म्हणतात ती हीच. टीव्हीसमोर बसलेल्या ३८ डोक्यांचा फोटो म्हणजे हजेरी झाली, नोंद नव्हे.

एलिमेंटरीचं विचाराल तर यंदा सगळ्यांना बसवायची घाई नको. पालकांना तिच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेनंतर दहावीला मिळणारे वाढीव गुण दिसत असतात, त्यात त्यांचं चुकत नाही. पण सातवीला अजून वेळ आहे. आठवीतल्या ज्या मुलांना दोन चाचण्यांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र दुसऱ्याचं न बघता, न उतरवता पुरं करता येतं, तेवढी बसवा. त्या चाचण्या भेटीच्या दिवशीच, घड्याळ लावून घ्या. ठरलेल्या वेळात मूल कुठं अडकतं हे फोटोत दिसत नाही. तयार नमुना चित्रं पाठ करून घेणारे वर्ग आजूबाजूला असतील तर त्यांच्याशी स्पर्धा करू नका.

संस्थेला नाही म्हणायचं का? नाही म्हणण्याआधी एक गोष्ट तपासा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे. त्या शाळेचा पट विचारून घ्या. १०० च्या वर असेल तर संस्थेपुढं तो मुद्दा लेखी मांडा. तुम्ही ऑनलाइन शिकवताय म्हणून ती जागा आपोआप भरलेली धरली जायला नको. पट कमी असेल तर महिन्याला एकाऐवजी दोन भेटी आणि प्रवासभत्ता मागा, आणि तो मान्य होईतो बुधवारचा तास जोडतासच राहील, ३५ मिनिटांवर येणार नाही, एवढं लिहून घ्या. पस्तीस मिनिटांत १९ फोटो येतात, पण ते बघून बोलायला वेळ उरत नाही.